हेडमिस्ट्रेसबाईंचे अकरा नारळ

...तर विजयलक्ष्मीबाई स्टाफरूमच्या दारात पोचल्या आणि आतलं हसणं थांबलं, इथवर काल आलो होतो. थांबलं म्हणजे कसं? नादस्वर वाजवणाऱ्यासमोर एखाद्या खट्याळानं लिंबू चोखावं, त्याच्या तोंडाला पाणी सुटावं आणि सूर तिथल्या तिथं मरावा, तसं. आत नऊ-दहा शिक्षक होते. कुणाच्या हातात चकलीसारखा मुरुक्कू अर्धा राहिला, कुणी उगाच वही उघडून आत बघू लागलं. दारात बाई. हातात कॉफीचा तूक्कु, म्हणजे कडी लावलेला तो उंच डबा हो.

"कॉफी," बाई म्हणाल्या. तमिळमध्येच.

"थँक्स, मेडम," दहा जण एका सुरात म्हणाले, पहिलीतली मुलं म्हणतात तसे.

बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि परत फिरल्या. पाठ वळली तरी हसणं पुन्हा सुरू झालं नाही. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. विजयलक्ष्मीबाई तंजावरच्या, राजवाड्याच्या पाठीमागच्या गल्लीतल्या. आपल्याच, घरात मराठी बोलणाऱ्या. पूर्वज कधीतरी महाराजांच्या चाकरीत आले आणि इथलेच झाले. एकोणीस वर्षं त्यांनी तिरुवैयारूला इतिहास शिकवला. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. आणि गेल्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ओरत्तनाडूच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या खाजगी शाळेत हेडमिस्ट्रेस होऊन गेल्या. रोज सकाळी सातची बस.

जन्मजात भित्री बाई. पाल चुकचुकली तरी तीनदा 'कृष्ण कृष्ण' म्हणणारी. भित्रं असणं काही गुन्हा नव्हे. पण भित्र्या माणसाला खुर्ची दिली की मोठी गंमत होते बघा. तो समोरच्यांना भितो आणि समोरचे खुर्चीला भितात. दोन्हीकडची दारं बंद, आणि दोघांनाही वाटतं, कडी पलीकडच्यानं लावली.

त्यात ही शाळा आधीच पोळलेली. आधीच्या हेडमास्तरांचं राज्य मेमोवर चालायचं. दोन मिनिटं उशीर झाला, मेमो. वर्गातून हसण्याचा आवाज आला, मेमो. मेमोला लेखी खुलासा, तोही तीन प्रतींत. आणि खुलासा उशिरा दिला म्हणून पुन्हा मेमो. एका सरांना म्हणे ताप आलेला, तर त्यांनी डॉक्टरला आधी विचारलं, 'ताप आल्याबद्दल खुलासा कसा लिहितात?' खरं-खोटं देव जाणे.

बाईंनी आल्या आल्या पहिल्याच मीटिंगमध्ये ते मेमोचं पुस्तक उचललं, सगळ्यांदेखत कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. कुलूप दोनदा निसटलं. तेव्हा कोपऱ्यातून लक्ष्मीप्रिया टीचर बोलल्या. शाळेतल्या सर्वांत जुन्या, सव्वीस वर्षांची नोकरी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आवाज असा की मधली सुट्टी घंटेवाचून व्हावी. हेडमिस्ट्रेसची खुर्ची आपल्याला मिळेल असं त्यांना वाटलेलं, आणि का वाटू नये?

"पुस्तक कपाटात ठेवलंत, मेडम, छान झालं," त्या म्हणाल्या. "किल्ली कुठं ठेवलीत?"

सगळे हसले. बाईही हसल्या. किल्ली मुठीत होती, ती इतकी दाबली की तळहातावर वळ उठला.

मीटिंग संपल्यावर बाई व्हरांड्यात आल्या. तिथं बाळकृष्णराव उभे होते. हे शाळेचे क्लार्क, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले, आणि तेही आपल्याच लोकांपैकी. बाईंच्या वडिलांचे स्नेही, म्हणून बाईंचे मामा. तमिळमध्ये बोलायचे तेव्हा 'मेडम, सही करता का?' आणि मराठीत शिरले की 'विजी, जेवलीस का?' भाषा बदलली की वरचा खाली आणि खालचा वर. त्या दिवशी बाईंचं जे भरलं होतं ते मराठीतून सांडलं.

"मामा, ती लक्ष्मीप्रिया टीचर मज मारून टाकील. ती ज्या दिवशीं रिटायर होईल, त्या दिवशीं पिळ्ळैयार गणपतीपुढें अकरा नारळ फोडीन."

"हळूं, विजी," मामा म्हणाले, आणि लगेच स्वतःच हसले. "हळूं तरी काय म्हणून? येथें कोणास कळतें!"

तिथंच चूक झाली. पण ती चूक तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केलेली. आपल्या घरांत नियमच होता ना: गल्लीत तमिळ, चुलीपाशी मराठी. भाजीवाल्याशी घासाघीस तमिळमध्ये, आणि 'वांगीं किडकीं दिसतात, घेऊं नको' हे त्याच्या तोंडावर मराठीत. मुलगी पाहायला गेलं तरी तिथल्या तिथं, केशरी शिरा खाता खाता, मराठीत निकाल. तीनशे वर्षं आपण लोकांच्या देखत खिडक्या लावून बोलत आलो. भिंत आपल्या तोंडातच, बांधायचा त्रास नाही.

बाईंची सवय तीच. त्यातून भीती वाटली की त्यांना मराठीच सुचायची. आणि भीती रोजच वाटायची. मग रोज साडेदहाला, पहिल्या दोन तासांनंतर, व्हरांड्याच्या खांबाशी बाई आणि मामा. समोर स्टाफरूमचं दार सताड उघडं.

मराठीत काय बोलायच्या? तर "मामा, वेंकटेशसरांची आई इस्पितळांत आहे. त्यांला दहावीचा जास्त तास घ्या म्हणून कसं विचारूं? मज भय लागतें." किंवा, "भुवना टीचर लहान आहे, वर्ग ऐकत नाहीं तिचें. तिला काय सांगूं? वाईट वाटेल." आणि मामा मान हलवत म्हणायचे, "विचारल्यावांचून कसं कळेल, विजी? तूं हेडमिस्ट्रेस की कोण?"

आणि लक्ष्मीप्रिया टीचरांचं नाव तर रोज. कधी भीतीनं, कधी रागानं. ते लपवण्यात अर्थ नाही.

बाकी बाईंनी करायचं ते सगळं केलं. अकरा वाजता सगळ्यांना कॉफी सुरू केली. समोरच्या दुकानातून तूक्कु भरून आणायच्या आणि स्वतः नेऊन ठेवायच्या. शनिवारचं उगाच थांबणं बंद केलं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर रजेचा अर्ज नंतर द्या म्हणाल्या. स्टाफरूमच्या बाहेर एक पेटी लावली, मनात असेल ते लिहून टाका, नाव घालू नका. साडेतीन महिने पेटी रिकामी. बाई रोज उघडून बघायच्या, आत एक कोळी तेवढा सुखात. मग ऑक्टोबरात एक चिठ्ठी निघाली. एकच ओळ: 'आमची नावं घेऊ नका.'

बाईंनी ती दहा वेळा वाचली. घरी नेली, बसमध्ये वाचली. अर्थ काही लागेना. शेवटी त्यांना वाटलं, मीटिंगच्या सुरुवातीला आपण एकेकाचं नाव वाचून हजेरी घेतो ते आवडत नसेल. पुढच्या मीटिंगला त्यांनी नावं वाचली नाहीत, नुसती डोकी मोजली. आता सांगा, मेमोच्या राज्यात पोळलेल्या माणसांना, नाव न घेता, बोटानं मोजलं तर काय वाटेल? त्या दिवसापासून कॉफीसुद्धा उरायला लागली.

नोव्हेंबरात एका बुधवारी सकाळी बाई आल्या तर टेबलावर पाकीट. वेंकटेशसरांचं. शुक्रवारपासून मला मोकळं करावं, पट्टुकोट्टैच्या शाळेत जागा मिळाली आहे.

वेंकटेश म्हणजे गणिताचे एकटे शिक्षक. व्यवस्थापनानं तात्पुरते घेतलेले, पण वर्गात उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं सरकायची. आदल्या वर्षी दहावीची निम्मी मुलं गणितात गेलेली. या वर्षी बासष्ट मुलं होती, आणि अर्धवार्षिक परीक्षा पाच आठवड्यांवर. मध्येच दुसरा गणितवाला मिळणं म्हणजे कावेरीत पडलेली अंगठी मिळणं. बाईंना घाम फुटला. पंखा फिरतोय, बाहेर पावसाळी गारवा, आणि ब्लाउजची पाठ भिजलेली. आधी बासष्ट चेहरे डोळ्यांपुढून गेले. आणि मग, खरं सांगायचं तर, दुसरा विचार आला: आज हे गेले, उद्या सगळेच जातील, आणि मी रिकाम्या शाळेत घंटा वाजवत बसेन.

त्यांनी मामांना आत बोलावलं. दार उघडंच.

"मामा, वेंकटेशसर जातों म्हणतात. मजमुळेंच जातात. मीं त्यांचें काय वाईट केलें? मीं काय केलें, सांगा हो!"

मामांनी तोंड उघडायच्या आधी उत्तर आलं. दारातून. तमिळमध्ये.

"तुम्ही काही केलं नाही, मेडम. तुम्ही त्यांचं नाव घेतलंत."

दारात भुवना टीचर. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला. तेवीस वर्षांची पोर, तमिळ शिकवणारी, पहिलंच वर्ष. स्वतःच्या तोंडून काय निघून गेलं ते कळून ती पांढरीफटक पडलेली.

प्रश्न मराठीत विचारलेला. उत्तर तमिळमध्ये आलेलं. घरात एकटे आहोत म्हणून माणसानं बोलावं आणि माळ्यावरून कुणी 'हो' म्हणावं, तसं झालं. बाईंनी खुर्चीचे हात धरले.

"तुला... कळतं?"

"आईची आई, हिराबाई, तुमच्याच बाजूची," भुवना म्हणाली. "राजवाड्यामागं राहायची. ती बोलायची, मी ऐकायची. मला बोलता येत नाही, मेडम. कळतं."

"किती कळतं?"

"सगळं."

बाळकृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. बाईंच्या डोक्यात पाच महिन्यांची मराठी उलटी धावू लागली. काय काय बोललो आपण? हिच्याचबद्दल बोललो, हिच्या दारासमोर. आणि ते दुसरं...

"पिळ्ळैयाराचं सुद्धा?" बाईंनी विचारलं.

"अकरा," भुवना म्हणाली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कशी बोलू, मेडम? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणणार, चोरून ऐकते. त्यांना सांगितलं तर ते म्हणणार, रोज ऐक आणि येऊन सांग." तिनं वह्या आणखी घट्ट धरल्या. "तुम्ही कुणाचं वाईट बोलत नाही, तुम्ही घाबरता, हे या शाळेत मला एकटीलाच माहीत. मला झोप लागत नाही."

"पण त्यांना तर शब्द कळत नाहीत ना?" मामांनी विचारलं. बिचारे अजून भिंतीच्या आडच उभे.

"शब्द कळत नाहीत, सार. स्वतःचं नाव कळतं." भुवनानं वह्या टेबलावर ठेवल्या. "व्हरांड्यात काहीतरी बोलणं चाललंय, मध्येच 'वेंकटेशसर'. मेडमचा चेहरा असा ओढलेला. तुम्ही मान हलवताय. पुन्हा 'वेंकटेशसर'. आत सगळे त्याला कोर्ट म्हणतात. आज कोर्टात कुणाचं नाव निघालं, ते रोज बघतात. मागच्या आठवड्यात वेंकटेशसरांचं चार वेळा निघालं. त्यांना वाटलं, काढणार. म्हणून त्यांनी आधीच जागा शोधली. ती चिठ्ठीसुद्धा त्यांचीच."

आणि इथं, बघा, बाईंना एक जुनी गोष्ट आठवली. चाळीस वर्षं कुठं दडली होती कोण जाणे. त्या सहा-सात वर्षांच्या असतील. दारावर मुनियम्मा म्हणून भाजीवाली यायची. वडील पायरीवर उभे राहून आईला मराठीत सांगत होते, 'मुनियम्माची भाजी नेहमीं ताजी, मुनियम्मा कधीं फसवीत नाहीं, मुनियम्मास थोडें लोणचें दे.' मुनियम्मानं तीनदा आपलं नाव ऐकलं. टोपली डोक्यावर घेतली, 'अय्या, गरिबाला शिव्या द्यायच्या तर समजतील अशा द्या' म्हणाली आणि गेली. पुन्हा त्या गल्लीत आली नाही. आई लोणच्याची वाटी घेऊन दारात उभी. घरात सगळे पोट धरून हसले होते. छोटी विजीही हसली होती.

आता हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या चार वाजून वीस मिनिटांनी सगळ्यांना थांबायला सांगा." हे तमिळमध्ये म्हणाल्या, मामांना. मामा दचकले आणि "बरं, मेडम" म्हणाले.

गुरुवार कसा गेला ते बाईंनाच माहीत. सकाळी बसमध्ये बसल्या, दोन्ही बाजूंना सांबा भाताची हिरवी शेतं. काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या. वेंकटेशसरांना सांगता येईल, तुमच्या आईची काळजी होती. ते खरंच होतं. इतरांनाही सांगता येईल, सगळं चांगलंच बोलले. बहुतेक खरं. आणि लक्ष्मीप्रिया टीचरांना? तिथं जरासं खोटं बोललं तर कुणाला कळणार?

भुवनाला.

आणि ती तेवीस वर्षांची पोर, गप्प बसून, आपलं खोटं आपल्यासाठी पोटात ठेवील. पुन्हा तिची झोप जाईल. म्हणजे मेमोचं पुस्तक कपाटात आणि नवा मेमो त्या पोरीच्या गळ्यात.

बस ओरत्तनाडूच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळली. बाईंनी पुढची दांडी घट्ट धरली आणि मनातल्या मनात 'कृष्ण कृष्ण' म्हटलं. तीनदा नाही. अकरा वेळा.

चार वीस. स्टाफरूम. सगळे भिंतीला पाठ लावून बसलेले, जशी इंजेक्शन टोचायच्या दिवशी मुलं बसतात. वेंकटेशसर दाराशेजारी, पिशवी मांडीवर. भुवना खिडकीपाशी, बोटांनी पदर पिळतेय. मामा उभे. बाई बसल्या नाहीत. बसलं तर उठता येणार नाही, अशी त्यांना खात्री होती.

"व्हरांड्यात मी आमच्या भाषेत बोलते," त्यांनी सुरुवात केली, "कारण मला भीती वाटते. तुमची."

मग त्यांनी एकेकाकडं बघत सांगायला घेतलं. वेंकटेशसरांना: "तुमची आई इस्पितळात असताना जास्त तास मागायची मला लाज वाटत होती. चार वेळा तुमचं नाव घेतलं, चारही वेळा हेच." भुवनाला: "मी म्हणाले, वर्ग तुझं ऐकत नाही. ते तुला सांगायला हवं होतं, खांबाला नव्हे. माझ्या पहिल्या वर्षी माझंही ऐकत नव्हते." दोनदा पाणी प्यायल्या. पेला दातांवर वाजला, तो सगळ्यांनी ऐकला. शेवटी म्हणाल्या, "यापुढं या शाळेत ज्याचं नाव घेईन, ते त्याच्यासमोर आणि त्याला कळेल अशा भाषेत. चुकले तर मला तिथंच थांबवा."

वेंकटेशसरांनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. कुणी विश्वास ठेवावा की नाही, हे ठरत नव्हतं. गोड बोलणारे हेडमास्तर त्यांनी आधीही पाहिलेले. खोलीतल्या सगळ्या नजरा एकाच माणसाकडं वळल्या.

लक्ष्मीप्रिया टीचर उठल्या. साडीचा पदर खोचला.

"फार छान, मेडम. सगळ्यांबद्दल चांगलंच बोललात, फार छान. आता माझं सांगा. माझं नाव सगळ्यांत जास्त वेळा निघालंय. जूनपासून मोजते आहे मी. काय म्हणालात?"

दाराशेजारी वेंकटेशसर पुढं झुकून ऐकू लागले. भुवनानं डोळे मिटले.

आता पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तर नीट ऐकता येईल. वेंकटेशसर पट्टुकोट्टैला गेले नाहीत. पाकीट त्यांनी शुक्रवारी सकाळी स्वतः परत मागून नेलं आणि आईच्या इस्पितळाची वेळ सांभाळून, सकाळी आठला, दहावीचा जास्त तास सुरू केला. मामांना व्हरांड्यात कुणाबद्दल काही बोलायचं झालं तर ते तमिळमध्ये, 'मेडम' म्हणून, त्या माणसाला हाक मारून बोलतात, आणि त्यात त्यांची फार ओढाताण होते. स्टाफरूममधलं हसणं बाई दारात आल्यावर अजूनही अडखळतं, पण मग पुढं जातं. बाई आजही भितात. पेटीत आता चिठ्ठ्या येतात; एकीवर नुसतं लिहिलेलं, 'कॉफीत साखर कमी.'

पण त्या गुरुवारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. फक्त लक्ष्मीप्रिया टीचर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाईंनी टेबलाची कड धरली. त्यांनी एकदा मामांकडं पाहिलं. मराठीत काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि तमिळमध्ये, शब्दाला शब्द, हे उत्तर दिलं:

"मी म्हणाले होते, टीचर, की तुम्ही ज्या दिवशी रिटायर व्हाल त्या दिवशी पिळ्ळैयारापुढे अकरा नारळ फोडीन. तुमची भीती वाटते म्हणून म्हणाले, आणि ती आत्ताही वाटते आहे, बघा माझे हात. पण देवाला बोललेलं मागं घेता येत नाही, म्हणून नारळ मी उद्या सकाळीच फोडते, तुम्ही या शाळेत असताना. तेवढं शेजारी उभ्या राहा, मला एकटीला नारळसुद्धा फोडायची भीती वाटते."